धुऱ्याले मानणारा फवारा

पन्नीतून सीटी स्कॅनची फिल्म ओढली, तर तिच्यासोबत घडी घातलेला एक कागद बाहेर आला आणि बाकाखाली पडला. मी वाकून उचलला. सातबारा होता. मामाच्या नावचा, १ हेक्टर २१ आर, जिरायत, आणि त्यावर कालची तारीख. नेरच्या बसस्टँडवर दुपारचे दोन वाजले होते. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि यवतमाळची गाडी लागायला अजून अर्धा तास होता. मामाच्या उजव्या गालातल्या कॅन्सरच्या ऑपरेशनचे टाके नुकतेच निघाले होते. कानाखालून मानेकडे उतरलेला वण अजून ओलसर दिसत होता. दुपट्ट्यानं तो झाकायचा आणि दुपट्टा घासला की पुन्हा बाजूला करायचा, असं त्याचं चाललं होतं. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, आधारची झेरॉक्स, राशन कार्ड आणि त्यांच्यात तो सातबारा, जणू तोही तपासणीचाच एक कागद. मी घडी नीट केली आणि पन्नीत परत ठेवला. मी वाचल्याचं मामानं पाहिलं. कोणीच काही बोललं नाही.

मग मामेभावानं मोबाईल पुढे केला. कुठल्याशा खाजगी दवाखान्याची जाहिरात होती, निळ्या उजेडातलं पांढरंशुभ्र मशीन आणि हसणारा पेशंट. "दादा, हे पाय. प्रोटॉन म्हणते याले. बाजूचं काहीच जळत नाही म्हणते. म्या फोन लावला होता, वीस लाखाच्या वर सांगतात." मामाला अजून नीट बोलता येत नव्हतं, शब्द गालाच्या एकाच बाजूनं बाहेर यायचे. पण जे बोलला ते स्पष्ट ऐकू आलं. "तू पोराईले शिकवतं ना हे? मंग सांग मास्तर. घ्याव का नाही?"

मला सांगता आलं नाही.

वीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतोय. फळ्यावर अणू काढायचा, मधोमध एक गोळा, त्यात अधिक चिन्हाचे ठिपके, भोवती इलेक्ट्रॉनच्या वाटा. प्रोटॉनवरचा प्रभार कोणता? धन. वस्तुमान? इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट. पोरं घोकतात, मी खूण करतो, तास संपतो. या वीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही की सर, याचा उपयोग काय, आणि मीही ते स्वतःहून सांगितलं नाही. तो प्रश्न बसस्टँडवर एका चौथी शिकलेल्या माणसानं विचारला, आणि तोही वावर विकायचं का हे ठरवण्यासाठी. मला लागलं ते एवढंच नव्हतं. माझं उत्तर यायच्या आधीच त्यानं सातबारा काढून ठेवला होता. मी 'घे' म्हणालो असतो तर त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक पाहायला निघाला असता. शिकलेल्या भाच्याचा शब्द आमच्याकडे असा चालतो, आणि त्याची मला भीती वाटली.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू झाला पाहिजे. रेडिएशनला आमच्याकडे कोणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात, नाहीतर लाईट. "लाईट द्याची हाये म्हणे." त्यातले अडीच आठवडे टाके सुकण्यात गेले होते. नागपूरला मशीन होतं, तारीखही मिळणार होती, पण मामेभावाच्या डोक्यातून ते निळं मशीन जाईना. शेवटी ठरलं की मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जाऊन एकदा विचारून यायचं. तिथले डॉक्टर म्हणतील तसं. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली. मामा, मामी, मी आणि ती पन्नी.

गाडीनं मूर्तिजापूर सोडल्यावर मी समजावायला सुरुवात केली. आदल्या रात्री वाचलेलं सगळं डोक्यात होतं, पण तोंडात येईना. वाचलेलं पुस्तकी होतं आणि समोर मामा होता. मग मला त्याच्या पराटीची, म्हणजे कपाशीची, आठवण झाली. तीन वर्षांमागे धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, शेजारच्या वावरात टू-फोर-डीचा फवारा मारला होता, तण जाळायला. वारं मामाच्या बाजूचं होतं. आठ-दहा दिवसांत मामाच्या पराटीची पानं भेंडीच्या पानांसारखी निमुळती झाली, बोटं फुटल्यासारखी, आणि पात्या गळाल्या. त्यावरून झालेलं भांडण पोलीस पाटलापर्यंत गेलं होतं. मी म्हणालो, "मामा, साधा शेक म्हणजे तो फवारा समज. एक्स-रेच असतो तो, पण लई जोराचा. कातडीच्या आत दीड-एक सेंटीमीटरवर त्याचा मारा सगळ्यात जास्त. पुढे कमी कमी होत जातो, पण थांबत नाही. गाठीतून जातो, गाठीच्या मागच्या चांगल्या मांसातून जातो आणि पार दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. म्हणून डॉक्टर एकाच बाजूनं मारत नाहीत, चारी धुऱ्यांवर फिरून थोडा थोडा मारतात. सगळे फवारे जिथं एकावर एक पडतात तिथं गाठ जळते, आजूबाजूला नुसता शिंतोडा."

"आन् थो प्रोटॉन?"

"तो गाठीपर्यंत जातो आणि तिथंच संपतो. पलीकडे जवळपास काहीच जात नाही."

मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. अंधारात दिसण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाला, "म्हंजे धुऱ्याले मानणारा फवारा."

यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. पण तो असा का थांबतो, हे सांगताना पुन्हा माझी गाडी अडली. वेगात असलेला प्रोटॉन वाटेतल्या अणूंना फारसं काही देत नाही, चटकन निघून जातो. जसजसा मंदावतो तसतसा तो प्रत्येक अणूपाशी जास्त वेळ काढतो, जास्त ऊर्जा टाकतो, आणि थांबायच्या अगदी आधी उरलेलं सगळं एकदम ओततो. आलेख काढला तर रेष लांबवर सपाट जाते आणि शेवटी एकदम सुळक्यासारखी चढून खाली कोसळते. विल्यम ब्रॅग नावाच्या शास्त्रज्ञानं १९०४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रेडियमच्या अल्फा कणांवर हे पाहिलं, म्हणून त्या सुळक्याला त्याचं नाव आहे. मी हवेत बोटानं रेघ काढून दाखवत होतो. वरच्या बर्थवर मामी झोपली असेल असं आम्हाला वाटत होतं. तिथून आवाज आला, "असं सांग ना बाप्पा, तुह्या मामासारखा हाये. घरून निंगला का तरातरा जाते, कोनाकडे पायत नाही. थकला का मंग एकेकाच्या ओट्यावर टेकते. आन् ज्याच्या ओट्यावर शेवटी बसला त्याच्यापाशी खिसा खाली करते."

मामा हसला. हसताना गाल दुखला म्हणून हात लावला, आणि तरी हसला.

ही युक्ती माणसांवर वापरायचं पहिल्यांदा मांडलं रॉबर्ट विल्सननं, १९४६ साली. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं हाच माणूस लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामावर होता. युद्ध संपलं आणि त्यानं लिहिलं की प्रोटॉन शरीरात हव्या त्या खोलीवर थांबवता येतील. आठ वर्षांनी, १९५४ मध्ये, बर्कलेला पहिल्या रुग्णांवर ते झालं. मग कितीतरी वर्षं हे काम पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांमध्येच चाललं. पेशंटला तिथं न्यायचं, कारण मशीन दवाखान्यात मावायचं नाही. खास दवाखान्यासाठी बांधलेलं पहिलं केंद्र १९९० मध्ये कॅलिफोर्नियात, लोमा लिंडाला सुरू झालं. आपल्याकडे २०१९ मध्ये चेन्नईला आणि २०२३ मध्ये टाटाच्या खारघरच्या केंद्रात. मशीनचं वर्णन वाचताना मला आमची विहिरीवरची मोटार आठवत होती. तिला ४४० व्होल्ट लागतात आणि तेही रात्री एक वाजता येतात. इथं हायड्रोजन वायू घ्यायचा, त्याचा इलेक्ट्रॉन काढून टाकायचा, की उरला तो प्रोटॉन. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यातही तोच आहे. त्याला चक्राकार फिरवत २३ कोटी व्होल्टची ताकद द्यायची, म्हणजे प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेग येतो आणि शरीरात ३० सेंटीमीटरपर्यंत पोचता येतं. मग तीन मजले उंच, शंभर टनांच्या आसपास वजनाचा सांगाडा पेशंटभोवती फिरवून तो बारीक झोत गाठीवर सोडायचा. सगळ्यात खोल थर आधी, मग ताकद किंचित कमी करून त्याच्या वरचा थर. प्रत्येक थरात ठिपका ठिपका भरत जायचा, दारात रांगोळी भरतात तसा.

दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. बाबा आमच्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. त्यामुळे मामीला दारातच माहेरी आल्यासारखं झालं. आणि खरंच, पाण्याच्या नळावर पहिलाच माणूस भेटला तो दारव्हा तालुक्यातला. बोलीवरून ओळख निघाली. सोबत सहा-सात वर्षांची पोरगी, डोक्यावर टोपी, कानामागे ऑपरेशनची खूण. मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती. काढली, पण ही गाठ मणक्याच्या पाण्यातून खाली उतरू शकते म्हणून डोकं आणि अख्खा पाठीचा कणा, दोन्हीला शेक द्यायचा होता. तिला खारघरला प्रोटॉनसाठी पाठवलं होतं. समाजसेवा विभागात पैशांचे अर्ज भरणं चालू होतं. बापाला त्यातलं काय कळलं होतं? त्यानं स्वतःच्या पाठीवर हात ठेवला आणि मग छातीवर. "मांगून मारला का पुढून निंघते म्हणे सायेब. इथलं सगळं भाजते. हे नवीन वालं हाडापाशीच थांबते."

त्यानं बरोबर सांगितलं होतं. पाठीतून साधा किरण सोडला तर तो कण्यातून पुढे हृदय, अन्ननलिका, आतडी, गळ्यातली थायरॉइड अशी वाट काढत जातो. मोठ्या माणसाचं शरीर ते बरंच सोसून नेतं. पण सहा वर्षांच्या पोरीला अजून साठ-सत्तर वर्षं त्याच हृदयानं काढायची असतात, उंच व्हायचं असतं, आणि पुढे कधीतरी त्या शेकामुळेच दुसरा कॅन्सर उद्भवण्याचा धोका असतो. प्रोटॉन कण्याच्या पुढच्या कडेला थांबवता येतो. त्यातही एक बारकावा मला फार विलक्षण वाटला. वाढत्या वयाच्या पोरांमध्ये मणक्याचं हाड अर्धवट भाजत नाहीत, पूर्ण घेतात, नाहीतर एक बाजू वाढते, दुसरी थांबते आणि पाठ वाकडी होते. धुरा कुठं घालायचा हे असं वयावरूनही ठरतं. पोरगी मात्र यातल्या कशातच नव्हती. मामाच्या मानेवरचा वण निरखून तिनं विचारलं, "तुमाले पन मशीनमंधी घालनार हाये का?" मामा म्हणाला, "पायतो बाई, डाक्टर काय म्हनते तं."

डॉक्टर पाच मिनिटंच बोलले, पण घाईत बोलले नाहीत. फिल्म दिव्यावर लावली, गालात बोटानं चाचपलं, रिपोर्ट वाचला. तुमच्या या जागेसाठी साधा, आधुनिक मशीनवरचा शेक पुरेसा आहे, रोग बरा होण्यात प्रोटॉननं काही जास्त मिळणार नाही, असं म्हणाले. ज्या गाठी मेंदूच्या तळाशी, डोळ्यात, कण्याला चिकटून असतात, किंवा ज्या लहान मुलांमध्ये असतात, तिथं त्याचा खरा उपयोग. शिवाय रांगेत दोन महिने घालवले तर आजार थांबत नाही. "नागपूरला तारीख मिळतेय ना? उद्याच्या गाडीनं जा." मी निघता निघता विचारलं, मला विचारायलाच हवं होतं, की काहीच फरक पडला नसता का? त्यांनी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लाळेत थोडा पडला असता कदाचित. चवीत. रोगात नाही."

हे शेवटचं वाक्य मी मामाला सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मामा गाढ झोपला. पन्नी उशाशी होती. जाहिरातीत नसलेली एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली, आणि तिनं जरा धीर दिला. प्रोटॉनचं थांबणं हाच त्याचा गुण, आणि नेमका तोच त्याचा धोका. तो किती खोल जाऊन थांबेल हे वाटेत किती मांस, किती हाड, किती हवा आहे यावर ठरतं. पेशंट वाळला, सूज उतरली, नाकाच्या पोकळीत शेंबूड भरला किंवा सुकला, की थांबायची जागा सरकते. साधा किरण कसाही आरपार जाणार असतो, त्याला एवढा फरक पडत नाही. प्रोटॉन मात्र गाठीच्या अलीकडे थांबू शकतो, नाहीतर पलीकडे निरोगी भागात. म्हणून अधूनमधून पुन्हा स्कॅन काढून पुन्हा मोजणी करावी लागते. धुरा सरकला की काय होतं ते गावात कोणाला सांगावं लागत नाही. भूमी अभिलेखचा माणूस साखळी घेऊन येईपर्यंत दोन पिढ्या कोर्टात जातात. मामाचं वजन शेकाच्या सहा आठवड्यांत ५८ वरून ४९ वर आलं. मी मनात म्हणायचो, बघ, याच्यात तर मोजणीच चुकत गेली असती. स्वतःची समजूत घालायला विज्ञान फार कामाला येतं.

आणि त्या पन्नीबद्दल एक. मामाचा खर्रा पस्तीस वर्षांचा. सुपारी, तंबाखू, चुना, आणि पन्नीत घालून तो घासघास घासायचा. आमच्या गावात सकाळी कोंबड्याच्या आधी तो आवाज येतो. वर्गात आठवीच्या पोरांच्या खिशातून मी खर्ऱ्याच्या पुड्या काढतो आणि स्टाफरूममध्ये येतो, तर तिथं दोन सहकाऱ्यांच्या गालात तोच असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. एकीकडे अणूतला कण पकडून मिलिमीटरवर थांबवणारं मशीन, आणि दुसरीकडे ही वीस रुपयांची पुडी. मला याचा राग येतो. मग आठवतं की लहानपणी मामाचा खर्रा मीच ठेल्यावरून आणून द्यायचो, आणि उरलेल्या पैशांची गोळी घ्यायचो.

नागपूरला तीस शेक झाले. आठवड्याला पाच, शनिवार-रविवार सुट्टी, शाळेसारखं. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिकचं जाळं मामाच्या तोंडावर ओढून बसवलं. ते थंड होऊन कडक झालं आणि त्याचा मुखवटा तयार झाला. रोज तोच मुखवटा टेबलाला खटाखट अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. मामा म्हणाला, "बैलाले मुस्कं घालते तसं वाटते." दवाखान्याजवळ भाड्याची खोली होती, तिथं मामी आंबील करायची, पातळ कढी करायची. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटलं. चौथ्यात चव गेली. एके दिवशी त्यानं हट्टानं रोडगे आणि वांग्याची भाजी मागितली. मामीनं कुठूनशा गोवऱ्या मिळवून, खोलीमागच्या बोळात रोडगे भाजले. त्यानं तुपात कालवून एक घास तोंडात धरला, खूप वेळ धरला, आणि म्हणाला, "माती." मामी भिंतीकडे तोंड करून बसली. त्या रात्री मी खोलीवर होतो, आणि डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या घशात तसंच अडकून होतं.

आता याला आठ महिने झाले. परवा वावरात गेलो होतो. तूर फुलावर आली होती, हवेत तो हिरवट-गोड वास होता. शेजाऱ्याच्या बाजूच्या धुऱ्यावर मामानं बुजगावणं उभं केलंय. जुना सदरा, खाली तुरीच्या काड्यांचे हात, आणि तोंडाला तो जाळीचा मुखवटा. शेवटच्या दिवशी दवाखान्यातून मागून आणला म्हणे. नाकाचा उंचवटा, हनुवटी, ऑपरेशनच्या बाजूचा बसलेला गाल, सगळं हुबेहूब त्याचंच. मी दचकलो. मामा खूश झाला. "पाखरं भेत नाहीत, लोकंच भेतात," म्हणाला.

धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलो. त्यानं दारव्ह्याच्या पोरीची चौकशी केली. तिचा शेक पूर्ण झाला, केस यायला लागलेत, जूनपासून शाळेत जाते, असं तिच्या बापानं फोनवर सांगितलं होतं, ते मी सांगितलं. मामानं मान हलवली. मग कापसाचे भाव, मामेभावाचं लग्न, यंदा विहिरीला राहिलेलं पाणी, असं काय काय बोलत राहिला. शेजारी पाण्याची बाटली होती. दोन वाक्यं झाली की तोंड सुकायचं, तो थांबायचा, घोट घ्यायचा, जीभ फिरवायचा आणि पुढचं वाक्य धरायचा. त्याच्या ते लक्षातही येत नव्हतं. सातबाऱ्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. ऊन उतरेपर्यंत त्यानं अकरा वेळा बाटली तोंडाला लावली.